टँक दुरुस्त करणाऱ्या या फ्रेंच पठ्ठ्यामुळे आज बारामती-इंदापूरच्या गाड्या पीयूसी पास होतात

एमएच-42 पासिंगची एखादी सात-आठ वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातून दोनदा बारामती-इंदापूर, महिन्यातून एकदा पुणे. एक दिवस डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गाडी चढाला दमते, पिकअप मिळत नाही. पीयूसी काढायला गेलं की मशीनवर आकडा जास्त येतो. गॅरेजवाला गाडीखाली डोकं घालून बघतो आणि सांगतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला.

मग किंमत कळते आणि मालकाला घाम फुटतो. कंपनीचा नवीन पार्ट घ्यायचा तर बऱ्याच गाड्यांना पाच आकडी खर्च येतो. तेवढ्यात शेजारी उभा असलेला कुणीतरी सल्ला देतो की कापून टाक ते खोकं, सरळ पाइप लाव, काही होत नाही.

होतं, बरंच काही होतं. पण ते समजून घ्यायचं तर आधी हे खोकं कुणी आणि का बनवलं ते बघायला हवं. त्या माणसाचं नाव युजीन हुड्री. त्याने गाड्यांच्या आयुष्यात दोन वेळा क्रांती केली. पहिल्यांदा पेट्रोल जास्त मिळावं म्हणून आणि दुसऱ्यांदा त्याच पेट्रोलचा धूर कमी व्हावा म्हणून.

लोखंडवाल्याचा पोरगा

युजीन ज्यूल हुड्रीचा जन्म 18 एप्रिल 1892 चा. गाव पॅरिसजवळचं दोमाँ. वडिलांचा पोलादाचा मोठा धंदा होता, घरात पैशाला तोटा नव्हता. पोराने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि 1911 मध्ये वर्गात पहिला येऊन सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. नुसता पुस्तकी किडा मात्र नव्हता. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा तो कॅप्टन होता आणि त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदही मारलं.

शिक्षण संपवून तो वडिलांच्या कारखान्यात लागला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, तोवर 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

हुड्री फ्रेंच सैन्याच्या रणगाडा दलात अधिकारी झाला. टँक ही तेव्हा अगदी नवी चीज होती. चिखलात रुतायची, बंद पडायची, पेट घ्यायची. 1917 मध्ये ज्युवेंकूरच्या लढाईत वरून तोफगोळे पडत असताना त्याने बंद पडलेले टँक दुरुस्त करून घ्यायचं काम चालू ठेवलं. त्यात तो जबर जखमी झाला. या कामगिरीबद्दल त्याला क्र्वा द गेर हे शौर्यपदक मिळालं.

पुढच्या आयुष्यात तो जे काही करणार होता त्याचं मूळ इथे आहे असं म्हणायला हरकत नाही. बंद पडलेली वस्तू फेकून न देता जागेवरच पुन्हा कामाला लावायची, हा त्याचा हातखंडा झाला.

रेसिंगचं वेड आणि पेट्रोलची चिंता

युद्ध संपलं आणि हुड्रीला मोटारींच्या शर्यतींचं वेड लागलं. 1922 मध्ये तो अमेरिकेला गेला, इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली, फोर्डचा कारखानाही बघितला. तिथून परतताना त्याच्या डोक्यात एकच विचार होता. इंजिनं तर दिवसेंदिवस चांगली होत चालली आहेत, पण त्यात ओतायचं पेट्रोल मात्र यथातथाच.

शिवाय फ्रान्सची अडचण वेगळीच होती. त्यांच्याकडे तेलच नव्हतं, सगळं बाहेरून आणावं लागायचं. महायुद्धात तेलाशिवाय काय हाल होतात ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून सरकारलाही वाटत होतं की आपल्याच जमिनीतून काढलेल्या एखाद्या गोष्टीपासून इंधन बनवता आलं तर बरं.

हा विचार ओळखीचा वाटतो ना? बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती आणि बिजवडीचा कर्मयोगी, या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बाहेरून तेल आणण्याऐवजी उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल काढून पेट्रोलमध्ये मिसळायचं, हे आपल्या सरकारचं धोरण त्याच चिंतेतून आलं आहे. फ्रान्सकडे ऊस नव्हता, लिग्नाइट होता. लिग्नाइट म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा.

नीस शहरातल्या प्रुदोम नावाच्या एका रसायनतज्ज्ञाने लिग्नाइटपासून पेट्रोल काढायची पद्धत शोधल्याचं हुड्रीच्या कानावर आलं. त्याने लगेच त्याच्याशी हातमिळवणी केली, पॅरिसजवळ प्रयोगशाळा उभी केली, घरचा पैसा ओतला. 1929 मध्ये दिवसाला 60 टन लिग्नाइट खाणारा कारखाना सुरूही झाला.

पेट्रोल निघालं, पण हिशोब बसला नाही. विकत आणलेल्या तेलापेक्षा हे घरचं पेट्रोल महाग पडत होतं. सरकारने मदतीचा हात काढून घेतला आणि त्याच वर्षी कारखान्याला टाळं लागलं.

माती, जी दमते आणि पुन्हा ताजी होते

कारखाना बुडाला, पण त्या खटाटोपात हुड्रीच्या हाती एक गुपित लागलं होतं. ते म्हणजे उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे काय, तर दुसऱ्यांचं लग्न जमवून देणारा मध्यस्थ. स्वतः बदलत नाही, खर्च होत नाही, पण तो नसेल तर काम अडतं, नाहीतर फार उशिरा होतं.

जमिनीतून निघालेल्या तेलात मोठे, जड रेणू भरपूर असतात. ते तोडले की पेट्रोल मिळतं. तेव्हा हे तोडायचं काम नुसत्या उष्णतेने आणि दाबाने व्हायचं. त्यातून पेट्रोल कमी निघायचं आणि त्याचा दर्जाही बेताचा असायचा. इंजिनात ते वेळेआधीच भडकायचं आणि खटखट आवाज करायचं. हुड्रीने शेकडो पदार्थ घालून बघितले. शेवटी जुळलं ते सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या एका प्रक्रिया केलेल्या मातीशी. ती वापरली की पेट्रोल जास्त निघायचं आणि खटखटही कमी व्हायची. खात्री करून घ्यायला तो ते पेट्रोल स्वतःच्या बुगाटी रेसिंग कारमध्ये घालून गाडी पळवायचा.

यात एक मोठी अडचण होती. काही मिनिटांतच त्या मातीवर कार्बनचा काळा थर बसायचा आणि ती निकामी व्हायची. बाकीचे संशोधक इथेच थांबले होते. हुड्री थांबला नाही. तेलाचा प्रवाह बंद करायचा, गरम हवा सोडायची, काजळी जाळून टाकायची, माती पुन्हा ताजी, पुन्हा तेल सोडायचं. एक भांडं काम करत असताना दुसऱ्याची सफाई चालू. वर त्या काजळीच्या जळण्यातून निघालेली उष्णताही त्याने कारखाना चालवायला वापरून घेतली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. उत्प्रेरक काजळीने दमला असेल तर त्याला पुन्हा जिवंत करता येतं. पुढे गॅरेजच्या भागात हीच गोष्ट कामी येणार आहे, आणि हीच गोष्ट लोकांना फसवायलाही वापरली जाते.

अमेरिका

युरोपातल्या कंपन्यांनी हुड्रीला फारसं उभं केलं नाही. 1930 मध्ये अमेरिकेच्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीने बोलावलं आणि तो सगळं बाडबिस्तर घेऊन तिकडे गेला. 1931 मध्ये हुड्री प्रोसेस कॉर्पोरेशन स्थापन झाली. नेमकी तेव्हाच महामंदी आली आणि व्हॅक्यूमचा हात आखडला.

मग 1933 मध्ये सन ऑइल नावाची कंपनी सोबत आली. त्या काळात इंजिनाची खटखट थांबवायला बहुतेक कंपन्या पेट्रोलमध्ये शिशाचं एक विषारी संयुग मिसळायच्या. टेट्राएथिल लेड हे त्याचं नाव. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने 1921 मध्ये त्याचा हा उपयोग शोधला होता. सन ऑइल मात्र आपलं पेट्रोल शिसं न घालता विकायची. त्यामुळे शिशाशिवाय चांगलं पेट्रोल देणारी हुड्रीची पद्धत त्यांना हवीच होती.

1936 मध्ये न्यू जर्सीतल्या पॉल्सबरोला पहिला छोटा प्रकल्प सुरू झाला आणि 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूकला मोठा. जुन्या पद्धतीत साधारण 25 टक्के पेट्रोल निघायचं, इथे जवळजवळ 50 टक्के निघू लागलं, तेही उंची. तेलाच्या धंद्यात खळबळ उडाली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मित्रराष्ट्रांच्या लढाऊ विमानांना 100 ऑक्टेनचं पेट्रोल लागत होतं. ते मोठ्या प्रमाणावर बनवायची तयारी हुड्रीच्या प्रकल्पांमुळे अमेरिकेकडे होती. पुढे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन बनवायची पद्धतही त्याने दिली.

आणि त्याच काळात त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला नाकारलं.

1940 मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला आणि व्हिशी इथे जर्मनधार्जिणं सरकार आलं. हुड्री गप्प बसला नाही. अमेरिकेत जनरल द गॉल यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या फ्रान्स फॉरएव्हर या संघटनेचा तो अध्यक्ष झाला. 1941 मध्ये व्हिशी सरकारने त्याचं फ्रेंच नागरिकत्व काढून घेतलं. ज्या देशासाठी तोफांखाली टँक दुरुस्त केले, त्याच देशाच्या दप्तरातून नाव खोडलं गेलं. 1942 मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला.

दुसरी इनिंग: धूर

युद्ध संपलं तेव्हा हुड्री पन्नाशी ओलांडून गेला होता. नाव झालं होतं, पैसा आला होता. कुणीही निवृत्त झाला असता. पण त्याला एक गोष्ट खात होती. शहरांत गाड्या वाढत होत्या, लॉस एंजेलिसवर पिवळट धुरकं उतरायला लागलं होतं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण वाढत होते. याचा गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराशी संबंध असणार, असं त्याचं मत झालं. ज्या पेट्रोलची पैदास त्याने वाढवली होती, त्याचाच हा धूर.

1950 च्या सुमारास त्याने पेनसिल्व्हेनियातल्या वेन गावात ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. कल्पना साधी होती. इंजिनातून जे अर्धवट जळालेलं बाहेर येतं, ते सायलेन्सरच्या वाटेवरच उत्प्रेरकाच्या मदतीने पूर्ण जाळायचं. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होईल आणि न जळालेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

17 एप्रिल 1956 रोजी त्याला यासाठी अमेरिकेचं पेटंट मिळालं. गोदामात फिरणाऱ्या फोर्कलिफ्टना आणि कारखान्यांच्या धुराड्यांना ही उपकरणं बसलीही. रस्त्यावरच्या मोटारींना मात्र बसेनात.

का? शिशामुळे. पेट्रोलमधलं ते शिसं जळून उत्प्रेरकावर जाऊन बसायचं आणि त्याला कायमचं मारून टाकायचं. मातीवरची काजळी जाळता येत होती, शिसं जळत नव्हतं. टँक दुरुस्त करणारा, माती ताजी करणारा हुड्री इथे अडला. पेट्रोलमधून शिसं काढणं हे एका संशोधकाच्या हातातलं काम नव्हतं. त्यात कंपन्यांचे करोडो डॉलर अडकले होते.

18 जुलै 1962 रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी हुड्री गेला. त्याचं उपकरण घातलेली कार बाजारात आलेली त्याने पाहिली नाही. 1970 मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. 1975 च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला आणि त्यासाठी पंपांवर शिसंविरहित पेट्रोल ठेवावं लागलं. पेटंटची मुदत तेव्हा 17 वर्षांची असे. म्हणजे हुड्रीचं पेटंट गाड्यांवर कन्व्हर्टर येण्याच्या दोन वर्षं आधीच संपलं होतं.

आपल्याकडे कधी आला?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले आणि 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. सोबत तिथे शिसंविरहित पेट्रोलही मिळू लागलं. गंमत अशी की मुंबईत घेतलेली नवी गाडी घेऊन कुणी गावी आला आणि तिथल्या पंपावर जुनं शिसंवालं पेट्रोल टाकीत भरलं, की कन्व्हर्टरचं आयुष्य तिथेच घटायला सुरुवात. 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं, तेव्हा कुठे बारामती-इंदापूरकरांचा हा प्रश्न सुटला.

मग बीएस-3, 2017 मध्ये देशभर बीएस-4 आणि बीएस-5 वगळून 1 एप्रिल 2020 पासून थेट बीएस-6. बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात ॲपे रिक्षा आणि 2012 पासून व्हेस्पा स्कूटर बनतात. त्या गाड्यांनाही याच नियमांत बसावं लागतं. म्हणजे हुड्रीची कल्पना आता तीनचाकी आणि दुचाकीच्या सायलेन्सरपर्यंत पोचली आहे.

आजचा कन्व्हर्टर हुड्रीच्या मूळ उपकरणापेक्षा हुशार आहे. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर ॲल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे मौल्यवान धातू. एका छोट्या गाडीत हे सगळे मिळून काही ग्रॅमच असतात, पण किंमत त्यांचीच आहे. 2021 मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दसपटीच्या वर गेला होता. जगभरात कन्व्हर्टर चोरीला का जातात, ते यावरून कळेल.

गेलाय म्हणतात, पण खरंच गेलाय का?

आता परत त्या गाडीकडे येऊ. पैसे वाचवायचे असतील तर पहिला नियम असा की नवीन कन्व्हर्टर विकत घ्यायची घाई करायची नाही.

बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. दुसऱ्या सेन्सरचं वाचन पहिल्यासारखंच नाचायला लागलं की गाडीचा कॉम्प्युटर समजतो की मधलं खोकं काम करत नाही. स्कॅनरवर पी-0420 असा कोड येतो. पण सेन्सरच म्हातारा झाला असेल किंवा सायलेन्सरच्या जोडावर बारीक गळती असेल, तरीही हाच कोड येऊ शकतो. गळती बुजवायला आणि सेन्सर बदलायला लागणारा पैसा कन्व्हर्टरच्या मानाने बराच कमी असतो. तेव्हा नुसता कोड वाचून पार्ट सांगणाऱ्या फिटरपेक्षा गाडी चालू ठेवून दोन्ही सेन्सरची वाचनं दाखवणारा फिटर गाठा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे खराब झाला असेल तर का झाला. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला इंजिन मारतं. एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल मिसफायर करत असेल तर न जळालेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतलं तापमान इतकं वाढतं की सिरॅमिकची जाळी वितळून गोळा होते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत प्लगकडे दुर्लक्ष केलं तरी हेच होतं. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातलं फॉस्फरस आणि जस्त जाळीवर बसतं. शिशासारखंच, तेही परत निघत नाही. भेसळीचं पेट्रोल, कूलंटची गळती, स्पीडब्रेकरवर बसलेला दणका ही बाकीची कारणं. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. पैसे दोनदा जातात.

मग सफाईचं काय? पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली, नाहीतर काढून धुऊन देतो असं सांगणारे बरेच भेटतात. इथे हुड्रीची माती आठवा. नुसती काजळी बसली असेल तर ती जळून जाऊ शकते. कित्येकदा गाडी हायवेवर अर्धा तास बऱ्यापैकी वेगात चालवली तरी फरक पडतो. शहरातल्या शहरात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर नीट तापतच नाही. काम सुरू करायला त्याला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस लागतात. पण जाळी वितळली असेल, फुटून आत खुळखुळत असेल किंवा विषाचा थर बसला असेल, तर जगातली कुठलीही बाटली उपयोगाची नाही. बंद गाडी थंड झाल्यावर त्या खोक्यावर हाताने थापटून बघायचं. आत खडखड आवाज आला तर सफाईवर एक रुपयाही घालवू नका.

बदलायचाच ठरला तर

आधी वॉरंटीची वही उघडून वाचा. ही गोष्ट लोक शेवटी करतात. कंपनीने धुराशी संबंधित पार्टना वेगळी मुदत दिली असेल तर ती तिथे लिहिलेली असते.

मुदत संपली असेल तर कंपनीचा पार्ट सगळ्यात बिनधोक, पण महाग. बाहेरच्या कंपन्यांचे नवीन कन्व्हर्टर स्वस्त मिळतात. ते स्वस्त असण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, आतला मौल्यवान धातू कमी असतो. त्यामुळे घेताना गाडीचं नाव सांगून भागत नाही, ती बीएस-4 आहे की बीएस-6 ते सांगावं लागतं. बीएस-3 गाडीसाठी बनवलेली जाळी बीएस-6 गाडीत बसवली तर पाइपात ती बसेल, पण काही दिवसांत पिवळा दिवा परत लागेल. पक्कं बिल, पार्टचा नंबर आणि लेखी वॉरंटी याशिवाय पैसे देऊ नयेत.

मधला एक मार्गही आहे. बाहेरचं कवच, फ्लँज आणि पाइप धड असतील तर फक्त आतला जाळीचा भाग कापून त्या जागी योग्य दर्जाचा नवा वेल्ड करून घेता येतो. पूर्ण असेंब्लीपेक्षा हे स्वस्तात होतं. वेल्डिंग मात्र सरावाच्या माणसाकडूनच करून घ्यायचं, कारण सेन्सरच्या आसपास सुईएवढी गळती राहिली तरी कॉम्प्युटर पुन्हा ओरडतो. भंगारातल्या गाडीचा जुना कन्व्हर्टर घेणं हा जुगार आहे. आतली जाळी किती जिवंत आहे ते बाहेरून कळत नाही आणि तो चोरीचा नसेल याचीही खात्री नसते.

आणि तो सरळ पाइप?

कन्व्हर्टर काढून आत पोकळ पाइप टाकला की गाडी वाऱ्यासारखी पळते, ही ऐकीव गोष्ट आहे. तुंबलेला कन्व्हर्टर काढल्यावर पिकअप सुधारतो हे खरं, पण तो तुंबलेला काढल्यामुळे. चांगला कन्व्हर्टर बसवला तरी तो तेवढाच सुधारतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे प्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्या गाडीला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. बीएस-4 नंतरच्या पेट्रोल कारला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. कन्व्हर्टरशिवाय ती गाठणं फार अवघड. ॲपे किंवा टेम्पोसारखी धंद्याची गाडी असेल तर पासिंगच्या वेळी गाडी उभी राहते आणि उभ्या गाडीचा रोजचा तोटा वेगळा.

धूर कुठे जातो हेही बघायला हवं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बंद शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा सायलेन्सरचा जोड सुटलेल्या गाडीच्या केबिनमध्ये तो जीव घेऊ शकतो. फोर्कलिफ्टना हुड्रीची उपकरणं बसली ती यामुळेच, कारण बंद गोदामात काम करणारी माणसं आजारी पडत होती.

नवीन कन्व्हर्टर बसवून झाला की बरेच जण बिल देऊन निघून जातात आणि जुना गॅरेजमध्येच राहतो. तसं करू नका. मेलेल्या कन्व्हर्टरमध्येही प्लॅटिनम, पॅलेडियम शिल्लक असतं आणि ते वितळवून परत काढणारे व्यावसायिक आहेत. जुन्याची किंमत आधीच ठरवून घ्या आणि ती बिलातून वजा करायला सांगा. गॅरेजवाला नको म्हणाला तर खोकं घरी घेऊन या. कंपनीच्या मूळ कन्व्हर्टरला बाहेरच्यापेक्षा जास्त भाव मिळतो, त्यामुळे त्याच्या कवचावर कोरलेला नंबर घासू किंवा कापू देऊ नका. खरेदी करणारे तो नंबर बघूनच भाव सांगतात.